पाहुणे घरात अन् गारपीट दारात

फेब्रुवारी-मार्चात यावल-रावेरकडे पाहुणे आले आणि दुपारीच आभाळ भरून आलं, तर केळीची बाग दाखवायला निघू नका. वीज चमकल्यापासून आकडे मोजा. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात शिरा. निंबाखाली मुळीच थांबू नका. गारांनी वाटेत गाठलंच, तर डोक्यावर गोधडीची घडी धरा. गाडीत असाल तर काचा लावून आतच बसा.

पत्र्याच्या घरात खरा घोळ पन्हाळीत होतो. गारा साचून तिचं तोंड बुजतं, पाणी उलटं फिरतं आणि सांध्यातून आत गळतं. म्हणून अंथरुणं, धान्याची पोती भिंतीपासून हातभर आत ओढा. पन्हाळ मोकळी करायची ती शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनीच. लेकरं गारा वेचायला आधीच पळतात, त्यांना तोवर धरून ठेवा.