"उतारा" म्हणजे नेमका कोणता? असं ओळखा भो

जळगावच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात तिथं, कोणी म्हटलं "यंदा उतारा कमी आहे" तर सातबारा शोधू नका, तिथं उतारा म्हणजे कपाशीतून रुई किती निघते ते, म्हणजे 1 क्विंटल कपाशीतून 34 किलो रुई निघाली की उतारा 34 टक्के, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट, आणि व्यापारी भाव पाडतो तो बऱ्याचदा याच्यावरूनच, म्हणून माल विकण्याआधी उतारा किती धरला ते विचाराच. साखर कारखान्यातही तसंच, उसातून साखर किती टक्के.

तलाठ्याकडचा उतारा वेगळा, तो कागद. त्यात नमुना 7 मध्ये मालकी, 12 मध्ये पिकं.

सोपी ट्रिक सांगतो, पुढचं क्रियापद बघा. उतारा काढला, बहुतेक कागदच. उतारा पडला किंवा बसला म्हणजे जिनिंग नाहीतर कारखाना. विषावर उतारा दिला, म्हणजे औषध. पोरगं म्हणालं उतारा वाचून उत्तरं लिहायची, तर मराठीचा पेपर. आणि चौफुलीवर लिंबू-मिरची दिसली तर तो नजरेचा उतारा, त्याला ओलांडायचं नाही असं आमची आजी अजून बजावते, मी तरी गाडी बाजूनेच घेतो.