प्रिंटएफ केलं तरी स्क्रीनवर काही नाही? या चुका टाळा

'माझ्या लॅपटॉपवर चालतंय, कंटेनरमध्येच लटकतंय' अशी तक्रार सी भाषेतल्या प्रोग्रामबद्दल आली की मी आधी कोडमध्ये एफफ्लश (बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबलेलं आउटपुट लगेच बाहेर ढकलणारं फंक्शन) शोधतो. बहुतेक वेळा तो नसतोच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: प्रिंटएफने प्रश्न छापायचा, शेवटी न्यूलाइन द्यायची नाही आणि लगेच एफगेट्सने उत्तर वाचायला घ्यायचं. उबुंटूवरची जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी) टर्मिनलवरून इनपुट वाचण्याआधी बफरमध्ये अडकलेला प्रश्न स्वतःहून बाहेर ढकलते. ॲल्पाइन या छोट्या लिनक्समधली मसल ही लायब्ररी ढकलत नाही. सी भाषेच्या मानकाने याची सक्ती केलेली नाही, त्यामुळे मसलला नावं ठेवू नका.

आमच्या टीममधल्या एका मुलाने कंटेनरची इमेज लहान व्हावी म्हणून ॲल्पाइन घेतलं आणि प्रोग्राम सुरू होताच गप्प. आधी नेटवर्कवर संशय, मग कंटेनर चालवणाऱ्या डॉकरवर, मग दोन-तीन ठिकाणी स्लीप (प्रोग्राम काही वेळ थांबवणारं फंक्शन). (स्लीप घालून बग शोधणाऱ्यांबद्दलचं माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.) शेवटी वैतागून त्याने एंटर दाबलं, तेव्हा 'पोर्ट नंबर?' आणि त्याला चिकटून 'चुकीचा नंबर' असं एकदमच उमटलं. प्रोग्राम बिचारा उत्तराची वाट बघत होता. मी प्रश्न विचारण्यासाठी छोटं फंक्शनच ठेवतो: प्रिंटएफ आणि खाली एफफ्लश.

दुसरी चूक, प्रिंटएफने क्रॅश शोधणं. आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामकडे) गेलं की पूर्ण बफरिंग सुरू होतं, म्हणजे बफर भरेपर्यंत काही बाहेर जात नाही. लिनक्सवर जीलिबसीचा बफर साधारण ४०९६ बाइटचा, मसलचा १०२४ चा. सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीमुळे क्रॅश) झाला की बफरमधलं सगळं गेलं. म्हणून क्रॅश एकच असला तरी दोन्हीकडे लॉग वेगवेगळ्या ओळीवर तुटतो आणि लोक भलतंच फंक्शन तपासत बसतात. डीबगचे मेसेज बफर न होणाऱ्या स्टँडर्ड एररवरच लिहा.

सगळीकडे बफरिंग बंद करून टाकणं हा आळशी उपाय. लाखो ओळी छापताना कळेल.

विंडोजवर सेटव्हीबफ या बफरिंग ठरवणाऱ्या फंक्शनने लाइन बफरिंग (ओळ संपली की बाहेर) मागितलं तरी पूर्ण बफरिंगच मिळतं. वर बफरचा आकार शून्य दिलात तर प्रोग्रामच पडतो.

स्टॅटिक बायनरीवर (लायब्ररी आतच जोडलेल्या प्रोग्रामवर) एसटीडीबफ ही बाहेरून बफरिंग बदलणारी कमांड चालत नाही.

इनपुटवर एफफ्लश करू नका. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून विंडोजवरही त्याचा काही परिणाम होत नाही.

फोर्कच्या (प्रोग्रामची दुसरी प्रत सुरू करण्याच्या) आधी मात्र आउटपुट एफफ्लश कराच, नाहीतर तीच ओळ दोनदा येते. न्यूलाइन असेल तर टर्मिनलवर हे दिसणार नाही, म्हणून टेस्ट करताना आउटपुट एकदा कॅट कमांडमधून पाइप करून बघा.