एफवायबीएस्सीला मॅथ्स की स्टॅट्स? फॉर्म भरण्याआधी हे तपासा

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला ‘मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’ हा एकच विषय असतो. कॉलेजात त्याचे दोन होतात आणि दोन्हींपैकी एकही बारावीसारखा नसतो. त्यामुळे बोर्डात मार्क चांगले पडले म्हणून मॅथ्स, आणि इंटिग्रेशन नकोसं वाटतं म्हणून स्टॅट्स, हा हिशेब चुकतो. कंटिन्युअस डिस्ट्रिब्यूशन्स (उंची-वजनासारख्या सलग मोजमापांच्या शक्यतांचा भाग) सुरू झाली की स्टॅट्सवाल्यांनाही इंटिग्रेशन रोजचंच होतं.

कॉलेजात दोन्ही विषय असतील तर पहिल्या वर्षी दोन्ही घ्या, असा आमचा स्पष्ट सल्ला. पुढे एक सोडता येतो. न घेतलेला विषय दुसऱ्या वर्षी घेणं मात्र जवळपास अशक्य असतं. याचे परिणाम पदवीनंतर कळतात. यूपीएससीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसच्या परीक्षेला पदवीत स्टॅटिस्टिक्स हा विषय असावा लागतो, नाहीतर त्यातली मास्टर्स. नुसत्या मॅथ्सच्या पदवीवर बसता येत नाही. उलट बाजूने, आयआयटी जॅम या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स असतात. म्हणजे स्टॅट्सवाल्यांनाही मॅथ्सपासून सुटका नाही.

आता कॉलेज काय देतं ते बघा. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा २०२४-२५पासून लागू झाला. स्वायत्त कॉलेजांत त्याआधीच. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे असतात आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नंतर ठरतो. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच मेजर लिहून द्यावा लागतो. ऑफिसात तीनच प्रश्न विचारा: मेजर कधी ठरतो? पहिल्या वर्षानंतर बदलता येतो का, आणि कोणत्या अटींवर? स्टॅटिस्टिक्स तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून चालतं का? हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मॅथ्सचा विभाग बहुतेक सायन्स कॉलेजांत असतो, स्टॅट्सचा कमी ठिकाणी, आणि कुठे कुठे तो नुसता मायनरपुरताच, म्हणजे दुय्यम विषयापुरताच, चालतो.

नावं सारखी वाटतात म्हणून फसू नका. पुण्याकडची बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स) ही वेगळी पदवी आहे; तिच्यात मॅथ्स-स्टॅट्सचे पेपर असतात, पण त्यावर कोणी स्टॅटिस्टिक्सचा पदवीधर होत नाही. ओपन इलेक्टिव्हमधला (आपल्या शाखेबाहेरून निवडायच्या विषयांतला) दोन क्रेडिटचा ‘बेसिक स्टॅटिस्टिक्स’ बहुधा इतर शाखांसाठी बेतलेला असतो. तो मेजरचा पर्याय समजू नये.

मग विद्यापीठाच्या साइटवरून सिलॅबस उतरवून घ्या आणि आधी क्रेडिट बघा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. दोन अधिक दोन क्रेडिटचा विषय असेल तर सेमिस्टरभरात लेक्चरचे ३० तास आणि प्रॅक्टिकलचे ६०. तीस तासांत सीक्वेन्स, लिमिट, कंटिन्युइटी एवढं सगळं उरकायचं असतं. दोन आठवडे बुडाले की विषय हातातून निसटतो.

मॅथ्सच्या पहिल्या वर्षात साधारण कॅल्क्युलस आणि अल्जिब्रा असतं. कुठे अ‍ॅनालिटिकल जिऑमेट्रीही. अल्जिब्रा म्हणजे सेट, रिलेशन, डिव्हिजिबिलिटी, काँग्रुअन्स. खरा धक्का कॅल्क्युलसमध्ये बसतो, कारण तिथे उत्तर काढायचं नसतं, सिद्ध करायचं असतं. सीईटीच्या मॅथ्सच्या पेपरात दीड तासात ५० प्रश्न सोडवायची सवय झालेली असते. इथे एका प्रश्नाला अर्धं पान लागतं आणि ‘म्हणून’ कुठे लिहिलं यालाही मार्क असतात.

स्वतःला तपासायचं असेल तर क्लासच्या वह्या बंद करून हे करा. |क्ष − ३| < २ यावरून क्ष कोणत्या मर्यादेत आहे? (१ ते ५च्या मध्ये, दोन्ही टोकं वगळून.) २५२ आणि १०५ यांचा मसावि काढा आणि तो याच दोन संख्यांच्या पटींतून मांडा. मसावि २१ येतो: ५ × १०५ − २ × २५२. नुसता २१ काढून थांबलात तर ते शाळेचं उत्तर झालं. तिसरा प्रश्न: १/२, २/३, ३/४… ही सीक्वेन्स कितव्या पदापासून पुढे कायम १पासून ०.०१पेक्षा कमी अंतरावर राहते? शंभराव्या. ०.०१च्या जागी कुठलीही छोटी संख्या दिली तरी हेच काढता आलं, की लिमिटची व्याख्या निम्मी समजली. हे करताना मजा आली तर मॅथ्स मेजर घ्यायला हरकत नाही. कंटाळा आला तर तीन वर्षं हेच आहे, हे लक्षात ठेवा.

स्टॅट्सची तपासणी वेगळी. २, ४, ६, ८, ३० यांची सरासरी १०, मेडियन ६. तीसचे ऐंशी केले तर सरासरी २० होते, मेडियन जागचा हलत नाही. का, ते दोन वाक्यांत लिहा. मग हे बघा: हजार माणसांत २० आजारी. चाचणी आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ५ टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते. पॉझिटिव्ह आलेला खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? १८ खरे, ४९ खोटे; म्हणजे ६७पैकी १८, साधारण २७ टक्के. उत्तर ९० आलं असेल तर घाबरू नका, बहुतेकांचं तेच येतं. पण का चुकलं हे शोधावंसं वाटलं नाही, तर स्टॅट्स रटाळ जाईल.

कॉमर्सच्या मुलांबद्दल थोडं. बोर्डाच्या कॉमर्स मॅथ्समध्ये रिग्रेशन, इंडेक्स नंबर आणि पॉयसाँ डिस्ट्रिब्यूशनही असतं, त्यामुळे स्टॅट्सच्या पहिल्या सेमिस्टरला ही मुलं सायन्सवाल्यांच्या पुढे असतात. अडचण पात्रतेची. अनेक बीएस्सी प्रवेशांना सायन्स शाखाच लागते. तिथे बीए मॅथ्स किंवा स्टॅट्स कुठे आहे ते शोधा.

स्टॅट्सच्या प्रॅक्टिकलला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आधीच घ्या आणि त्याचा स्टॅट मोड शिकून ठेवा. स्टँडर्ड डेव्हिएशनची दोन बटणं असतात, एक एनने भागणारं आणि दुसरं एन वजा एकने. जर्नलमधली निम्मी आकडेमोड इथेच चुकते. एक्सेल आणि आर (R हे स्टॅट्सचं सॉफ्टवेअर) कॉलेजात शिकवतात.

शेवटी, विषय बदलायची मुदत. ती बहुधा कॉलेज सुरू झाल्यावर थोडेच दिवस असते आणि नोटीस बोर्डावर कोपऱ्यात लागते. त्या आत दोन्ही विषयांची निदान तीन-तीन लेक्चर्स बसून ऐका. बदलायचं ठरलं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, कारण परीक्षेच्या फॉर्मवर जुनाच विषय छापून आला तर ती पोचच दाखवावी लागते.