कैगाला जाण्याआधी रोल्फटन समजून घ्या

मी काणकोणचा. फर्मागुढीला मेकॅनिकल केलं, गेट परीक्षा दिली आणि कर्नाटकातल्या कैगासारख्या अणुवीज केंद्राच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलो. पहिल्या खेपेस निवड झाली नाही. अणुभट्टी चालू असताना इंधन का बदलतात, एवढंच विचारलं होतं. पंप, टर्बाइन सगळं तोंडपाठ होतं, पण याचं उत्तर मला देता आलं नाही.

ते सापडलं कॅनडातल्या रोल्फटनच्या एनपीडी (न्यूक्लियर पॉवर डेमॉन्स्ट्रेशन) या छोट्या नमुना भट्टीत. वीज जेमतेम 20 मेगावॅट. आधीच्या आराखड्यात इंधनासाठी एकच मोठं दाबपात्र होतं. पुढच्या मोठ्या भट्ट्यांसाठी तेवढं पात्र घडवणं अवघड, म्हणून 1957 मध्ये काम थांबवून आडव्या नळ्यांचा आराखडा घेतला. 4 जून 1962 ला वीज ग्रिडमध्ये गेली. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-235 फक्त 0.7 टक्के, त्यामुळे इंधनाचा जोर लवकर उतरतो. दर वेळी भट्टी बंद करून चालणारच नाही. चालू भट्टीत इंधन बदलता येतं, हे एनपीडीने करून दाखवलं.

दुसऱ्या खेपेस मी एक आडवी नळी काढली, तिच्या दोन्ही टोकांना फ्युएलिंग मशीन दाखवली. एक मशीन नवा बंडल, म्हणजे इंधन भरलेल्या बारीक नळ्यांचा जुडगा, आत ढकलते, दुसरी जुना बाहेर घेते. निवड झाली.

ट्रेनिंगमध्ये नकली बंडल हातात घेतला तो दिवस मला लख्ख आठवतो. अर्धा मीटर लांब, 19 बारीक नळ्या, दोन्ही टोकांना जाळीदार चकत्या. कैगाच्या एका भट्टीत 306 चॅनेल, म्हणजे त्या आडव्या नळ्या, प्रत्येकात असे 12 बंडल. एनपीडीच्याच घराण्यातलं कैगाचं पहिलं युनिट 2018 अखेर सलग 962 दिवस चाललं. पोळेचा नाका ओलांडून कारवारमार्गे तिथे जाताना हा आकडा आठवला की आजही ऊर भरून येतो. (शिफ्टची तयारी ठेवा. घर एवढं जवळ असून माझ्या दोन गणेशचवथी कंट्रोल रूममध्ये गेल्या.)

नवी मुलं भट्टीच्या निवृत्तीकडे, म्हणजे ती बंद करून मोडण्याच्या कामाकडे, बघतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. एनपीडी 25 वर्षं चालली, मोठ्या केंद्रांचे ऑपरेटर तिथे शिकले, आणि 1987 मध्ये ती बंद झाली. इंधन आणि जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी) बाहेर काढलं, इमारत मात्र देखरेखीखाली तशीच ठेवली. असं थांबण्यामागे हिशेब असतो. किरणोत्सर्गी झालेल्या पोलादातल्या कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ) 5.27 वर्षं, म्हणजे 30 वर्षांत त्याचा किरणोत्सर्ग साधारण पन्नासाव्या हिश्शावर येतो. तेव्हा कापाकापी करणाऱ्या माणसाला किरणोत्सर्गाचा डोस कमी बसतो. राजस्थानात रावतभाट्याचं पहिलं युनिट 2004 पासून बंद आहे, तेव्हा हे काम आपल्याकडेही येणार. दूरनियंत्रित कटिंग, हेल्थ फिजिक्स (किरणोत्सर्गापासून माणसांचं संरक्षण), कचऱ्याची वर्गवारी यांत रस असेल तर मुलाखतीत तसं स्पष्ट सांगा, आणि कोबाल्टचा हा हिशेब एकदा स्वतः कागदावर करून जा.