पितळी बिल्ल्यावरचा तारा उठून दिसेना तेव्हा

गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी पितळी बिल्ले हवे होते, तेही रंग न भरता. पण तारा मागच्या जमिनीत, म्हणजे त्याच्याभोवतीच्या मोकळ्या पितळेत, हरवत होता.

उपाय घासण्याच्या दिशेत निघाला. घासलेल्या धातूवर उजेडाचा पट्टा घासल्याच्या रेघांना काटकोनात पडतो; रेघांची दिशा बदलली की चमकही बदलते. म्हणून जमीन आडवी घासली. ताऱ्याच्या प्रत्येक टोकाचे दोन भाग केले: एक टोकाकडे घासला, मग त्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावून दुसरा तिरका. ३२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, पट्टीच्या आधाराने, एकाच दिशेने ओढायचा. मागे-पुढे केलं की रेघा वाकतात, आणि वाकडी रेघ लगेच डोळ्यात खुपते.

आता बिल्ला कलला की एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते. सपाट पत्रा चक्क कोरल्यासारखा दिसतो. वर चकचकीत लॅकरचा (पारदर्शक वॉर्निशसारख्या लेपाचा) पातळ हात द्या. मॅट लॅकर नको, सगळी मजा जाते.