व्हीसेंटर अपग्रेडला हात लावण्याआधी

ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, अनेक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर), व्हीसेंटर (असे सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं), व्हीमोशन (चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं) हे तुम्हाला माहितीये असं धरून चालतो, ते नाशकातल्या कुठल्याही क्लासमध्ये शिकवतात. शिकवत नाहीत ते म्हणजे अंबड-सातपूरच्या एखाद्या कारखान्यात दोन-तीन होस्टवर ईआरपी, टॅली, फाईल सर्व्हर सगळं चालू असताना हे काम कसं उरकायचं.

क्रम पाठच करा. आधी व्हीसेंटर, मग होस्ट, मग व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत टाकलेलं मदतीचं सॉफ्टवेअर), शेवटी व्हर्च्युअल हार्डवेअर. व्हीसेंटरच्या ६.५ व्हर्जनवरून थेट ८ वर जाता येत नाही, मध्ये ६.७ किंवा ७ वर थांबावं लागतं. ६.५ आणि ६.७ चा जनरल सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपला, ७ चा २ ऑक्टोबर २०२५ ला, पण कारखान्यात 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा' हाच कायदा, त्यामुळे नोकरी लागली की असलंच जुनं काहीतरी गळ्यात पडणार हे धरून चाला. आणि बॅकअप सॉफ्टवेअरला नवीन व्हर्जन चालतं का ते आधी बघा, नंतर नाही.

आता मला ज्याने रडवलं ते. सकाळी लॉगिन करायला गेलो तर 'सायनिंग सर्टिफिकेट इज नॉट व्हॅलिड'. ब्राउझरमध्ये कुलपावर क्लिक करून सर्टिफिकेटची तारीख बघितली, ती अजून बरीच बाकी होती. इथेच सगळे फसतात! ब्राउझरला दिसतं ते मशीन एसएसएल सर्टिफिकेट, आणि संपलेलं असतं ते एसटीएसचं, म्हणजे लॉगिन झाल्यावर टोकनवर सही करणारं. दोन्ही वेगळी, तारखा वेगळ्या. ६.५ अपडेट २ पासून पुढे नव्याने टाकलेल्या व्हीसेंटरमध्ये या एसटीएसची मुदत फक्त २ वर्षांची असू शकते, आणि अपग्रेड केलं तरी तेच जुनं सर्टिफिकेट सोबत पुढे येतं, म्हणून 'आमचं तर ७ आहे' म्हणून निवांत बसू नका. एसएसएचने (दुरून कमांड देण्याची सोय) अप्लायन्सवर, म्हणजे व्हीसेंटरच्या व्हीएमवर जा, चेक-एसटीएस स्क्रिप्ट चालवा, तारीख बघा, जवळ आली असेल तर स्नॅपशॉट (बिघडलं तर परत जाता येईल अशी त्या क्षणाची नोंद) घेऊन आधी ते रिन्यू करा आणि मगच अपग्रेडचं नाव काढा. लिंक्ड मोडमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेले, एकापेक्षा जास्त व्हीसेंटर असतील तर सगळे बंद करून एकदमच स्नॅपशॉट घ्यायचे, एकेकट्याचा घेतला तर परत जाताना गोंधळ होतो.

आमच्या सपोर्टवाल्याने फोनवर सांगितलं, रीबूट मारा. मारला. आधी नुसतं लॉगिन होत नव्हतं, नंतर सर्व्हिसेसच उठेनात. मग दुसरा म्हणाला घड्याळ मागे घ्या. असले शॉर्टकट सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा राव, डोमेनचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ यात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरोसची (डोमेनचं लॉगिन तपासणारी पद्धत) बोंब सुरू, एकाचे दोन प्रॉब्लेम.

पण घाबरू नका. व्हीसेंटर झोपलं तरी व्हीएम चालू राहतात, एचएसुद्धा (होस्ट पडला की त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर चालू करणं) होस्ट आपापसात सांभाळतात, बंद पडतं ते व्हीमोशन आणि डीआरएस (होस्टवरचा भार आपोआप वाटणं). होस्टच्या आयपीवर रूटने थेट लॉगिन होतं. फक्त व्हीसेंटरची व्हीएम नेमकी कुठल्या होस्टवर बसलीये ते माहिती पाहिजे, नाहीतर एकेक होस्ट उघडून शोधत बसाल. आमच्या रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, होस्टचं नाव, आयपी, कुठली व्हीएम कुठे. दिसायला गावठी आहे, पण नेटवर्क गेल्यावर एक्सेल शीट उघडत नाही. हे मला रजिस्टर ठेवणाऱ्या एका जुन्या सरांनी शिकवलं, सर्टिफिकेटांची माळ घातलेल्या कोणी नाही.

बाकी अपग्रेड तसं कंटाळवाणं काम. पहिल्या टप्प्यात नवीन अप्लायन्स तात्पुरत्या आयपीवर उभं राहतं, दुसऱ्यात डेटा येतो आणि जुनं नाव-आयपी नव्याला मिळतं. डीएनएस दोन्ही बाजूंनी तपासा, नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दुसरं हमखास राहून गेलेलं असतं. रूटचा पासवर्ड डीफॉल्टने ९० दिवसांत एक्स्पायर होतो, तो आदल्या दिवशीच बघा. स्टोरेज-आर्काइव्ह पार्टिशन भरलेलं दिसलं तर ते तसंच असतं, काही डिलीट करू नका. लॉगचं किंवा डीबीचं भरलं तर मात्र खरंच काळजी. जुनी व्हीएम बंद ठेवा, उडवू नका, आणि चुकूनही दोन्ही एकदम चालू करू नका.

घरी लॅब करायची तर ८ च्या सगळ्यात छोट्या, टायनी साईजलाच १४ जीबी रॅम लागते, म्हणून ३२ जीबीवालं जुनं वर्कस्टेशन शोधा, १६ मध्ये रडत बसाल. तिथे ५४८० पोर्टवरून फाईल बॅकअप घ्या आणि अप्लायन्स उडवून रिस्टोअर करून बघा. रिस्टोअरला ज्या बिल्डचा बॅकअप त्याच बिल्डचा आयएसओ (इन्स्टॉलची फाईल) लागतो, म्हणून ऑफिसात आजच बघा तुमच्याकडे तो आहे का.