‘राप्तुस’ची रूपं आणि अर्थ : या चुका टाळा

‘डोमिनुस, डोमिनी’ (धनी, धन्याचा) पाठ झालं की ‘-उस’ने संपणारं प्रत्येक लॅटिन नाम आपण त्याच साच्यात घालतो. ‘राप्तुस’ म्हणजे हिसकावून नेणं, हरण. हे नाम पुल्लिंगी, पण ‘डोमिनुस’सारखं दुसऱ्या नव्हे, चौथ्या विभक्ति-गटातलं (विभक्तिरूपांवरून लॅटिन नामांचे गट पाडतात). त्याची षष्ठी ‘राप्ती’ नव्हे, ‘राप्तूस’. चतुर्थी ‘राप्तुई’, पंचमी ‘राप्तू’. ‘राप्ती’, ‘राप्तो’ ही रूपंही वाचनात येतील, पण ती ‘रापिओ’ या क्रियापदाच्या कृदंताची असतात: ‘पळवून नेलेला’.

छापील लॅटिनमध्ये स्वराची लांबी बहुधा दाखवत नाहीत. त्यामुळे एकच शब्द प्रथमा एकवचन, षष्ठी एकवचन आणि प्रथमा-द्वितीया अनेकवचन असा चार जागी दिसतो. माझा आग्रह आहे, वहीत रूपं देवनागरीत लिहा. ऱ्हस्व ‘तु’ फक्त पहिल्या जागी, बाकी तिन्हीकडे ‘तू’. आपल्या लिपीची ही सोय वाया का घालवायची?

षष्ठीचा अर्थ लावताना मात्र मराठी कान उपयोगी पडतो. रोमन कवी क्लॉडियनच्या काव्याचं नाव ‘दे राप्तू प्रोसेर्पिनाए’, ‘प्रोसेर्पिनाच्या राप्तुसबद्दल’. इथे प्रोसेर्पिना ही देवी पळवणारी नाही, तिला पाताळाचा देव प्लुटो पळवतो. ‘सीताहरण’ ऐकून सीतेने कुणाला पळवलं असं आपल्याला वाटत नाही, तसंच हे.

सर्वांत महाग पडलेली चूक अर्थाची. १३८० मध्ये सिसिली चंपेन या स्त्रीने इंग्रजी कवी जेफ्री चॉसरला दाव्यांतून मुक्त करणारा दस्त करून दिला. त्यात शब्द आहेत ‘दे राप्तू मेओ’, ‘माझ्या राप्तुसबद्दल’. (‘मेऊ’ नव्हे, विशेषण नामाशी लिंग, वचन, विभक्ती जुळवतं, शेवटचा स्वर नव्हे.) ‘राप्तुस’वरून इंग्रजीतला बलात्काराचा शब्द आठवतो, आणि मध्ययुगीन कायद्यात तो अर्थ होताही. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून अनेकांनी चॉसरवर तो आरोप वाचला. २०२२ मध्ये या प्रकरणातल्या खटल्याचे आणखी कागद उजेडात आले. त्यांत चॉसर आणि सिसिली दोघंही एकाच बाजूचे प्रतिवादी निघाले. वादी होता तिचा आधीचा मालक, थॉमस स्टाँडन. त्याची तक्रार होती की तिने मुदतीआधी चाकरी सोडली आणि चॉसरने तिला ठेवून घेतलं.